हिवाळ्यात घरापुरती कोकरं : आधी चारा, मग कोकरू

कुंपणकाठी

मंडळी, गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदाच घरच्या मटणासाठी चार कोकरं पाळली. तिघं फ्रीझरमध्ये गेली, चौथं खड्ड्यात. यंदा परत पाळायचा विचार आहे, म्हणून त्याआधी सगळा हिशेब इथे मांडतो. चुका लपवत नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कान उपटावेत, ज्यांना नाही त्यांनी माझ्या जिवावर शहाणं व्हावं.

पूर्ण धागा कुणी वाचत नाही, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो: कोकरं आणायच्या आधी ती कापायची तारीख ठरवा. ऐकायला निर्दयी वाटतं, पण तारीख ठरली की दिवस मोजता येतात, दिवस कळले की चारा मोजता येतो आणि चारा मोजला की आपल्याला किती जनावरं झेपतील ते कुणाला विचारावं लागत नाही. मी नेमकं उलट केलं. चार गोजिरवाणी कोकरं दिसली, उचलून आणली आणि मग चारा शोधत हिंडलो.

कोकरं साधारण तीन महिन्यांची होती, दूध तुटलेली. तीन खच्ची केलेले नर, एक मादी. वजनं १७ ते २० किलो. एकूण १३० दिवस ठेवली. शेवटी दोन नर ३७ आणि ३९ किलोंवर गेले, मादी ३४ वर थांबली. म्हणजे दिवसाला सरासरी १४० ग्रॅम वाढ. भरपूर दाणा खाणारी मोठ्या जातीची कोकरं याच्या दुप्पट वाढतात हे मला माहीत आहे, पण माझ्यासारख्या नवख्याला एवढं पुष्कळ वाटलं.

खाण्याचं म्हणाल तर कोकरू दिवसाला आपल्या वजनाच्या तीन ते चार टक्के कोरडा चारा-दाणा खातं. २५ किलोच्या कोकराला साधारण पाऊण ते एक किलो. मी सरासरी ७०० ग्रॅम वाळलेलं गवत आणि ३०० ग्रॅम दाणा असं धरलं होतं. कागदावर ५०० किलो गवत चौघांना सहज पुरायला हवं होतं. शिवाय चाळिसाव्या दिवसानंतर तोंडं तीनच उरली होती. तरी ११५व्या दिवशी गवताचा शेवटचा भारा सुटला!

कारण पहिला महिनाभर मी गवत जमिनीवर टाकत होतो. कोकरं त्यावर उभी राहतात, त्यावरच लेंड्या टाकतात, त्यावरच बसतात आणि मग ते गवत हुंगून नाक मुरडतात. मेंढीइतकं चोखंदळ जनावर दुसरं नाही. शेजारचं रोपटं मुळासकट ओरबाडेल, पण स्वतःच्या पायाखालचं गवत खाणार नाही. नंतर गव्हाण केली तेव्हा नासाडी थांबली, पण तोवर तिसरा हिस्सा खतात गेला होता. खत उत्तम झालं.

आता चौथ्या कोकराबद्दल. सगळ्यात दांडगं, सगळ्यात खादाड. दाण्याचं घमेलं ठेवलं की बाकीच्यांना ढुशा मारून हे पुढे. चाळिसाव्या दिवशी संध्याकाळी खाऊन-पिऊन, रवंथ करत बसलं होतं. सकाळी पाय ताणून, मान मागे टाकलेलं, फुगलेलं. ना खोकला, ना हगवण, आधी काहीच नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले आंत्रविषार. लसीचा पहिला डोस दिला होता, दुसरा 'या आठवड्यात देऊ, पुढच्या आठवड्यात देऊ' करत राहिला होता.

तिघांचं मिळून हाडासकट ५१ किलो मटण निघालं. जिवंत वजनाच्या साधारण ४६ टक्के. मुंडी, पाय, काळीज वगैरे वेगळं. हा आकडा पाहून निराश होणारे बरेच भेटतात. त्यांना वाटतं ४० किलोंचं जनावर म्हणजे ४० किलो मटण. अहो, त्यात पोट आहे, पोटातलं गवत आहे, कातडी आहे, लोकर आहे.

बाकी प्रतिसादांत.

आळशी_उंट

रुमाल टाकून ठेवतो. एक बाळबोध प्रश्न: आम्ही दोनच माणसं. एकच कोकरू पाळलं तर?

कुंपणकाठी

नको. कळपातलं जनावर आहे ते, एकटं ठेवलं की दिवसभर ओरडतं, कुंपणाला घासतं, खाणं सोडतं. दोन तरी हवीतच, तीन उत्तम. का ते माझ्याच अनुभवाने सांगतो. दोन नर एका दिवशी कापले आणि मादी 'अजून आठ दिवस वाढू दे' म्हणून ठेवली. आठ दिवस तिने गव्हाणीकडे ढुंकून पाहिलं नाही. रात्री ओरडायची. ३६ किलोंची ३४ झाली. वर जे ३४ लिहिलंय ते हे. वाढवायला ठेवली आणि दोन किलो घालवून बसलो. त्यामुळे कापायची तर सगळी एकाच दिवशी, किंवा शेवटी दोन राहतील अशी.

थर्मामीटर

मी पशुवैद्य. धागा छान आहे, पण दांडग्या कोकराची गोष्ट वाचून वाईट वाटलं, कारण ती मी दर हिवाळ्यात ऐकतो. आंत्रविषार नेहमी सगळ्यात चांगलं कोकरूच नेतो. त्यामागे कारण आहे. हा रोग करणारे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, ड प्रकारचे जिवाणू निरोगी मेंढीच्या आतड्यातही थोडे असतातच. पिठूळ दाणा एकदम जास्त पोटात गेला की तो रवंथाच्या पोटात पुरता न पचता पुढे आतड्यात उतरतो, आणि तिथे या जिवाणूंची दिवाळी सुरू होते. ते विष सोडतात, ते रक्तात जातं, आणि काही तासांत खेळ खलास. जो सगळ्यात जास्त खातो त्याच्या आतड्यात सगळ्यात जास्त दाणा. मरतुकडं कोकरू यातून वाचतं.

उपचाराला बहुतेक वेळा वेळच मिळत नाही. म्हणून लस. दोन डोस, मध्ये तीन ते चार आठवडे. पहिला डोस शरीराला नुसती ओळख करून देतो, खरं संरक्षण दुसऱ्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी उभं राहतं. पहिला देऊन दुसरा न देणं म्हणजे दाराला कडी लावून कुलूप खिशात ठेवणं. दाणा वाढवायच्या आधी दोन्ही डोस झालेले असले पाहिजेत. कोकरं घेताना विचारा की आईला गाभण असताना लस दिली होती का आणि कोकरांना कधी दिली. उत्तर 'दिली असेल' असं आलं तर दिली नाही असं समजा.

दाण्याचं वेळापत्रक असं ठेवा: पहिले तीन-चार दिवस कोकरामागे ५० ग्रॅम, मग दर चार दिवसांनी ५० ग्रॅम वाढ. ३०० ग्रॅमवर यायला तीन आठवडे लागतात, ते लागू द्या. दिवसाचा दाणा दोन वेळेत विभागून. दाण्याआधी गवत, म्हणजे उपाशी पोटी अधाशासारखं खाणार नाहीत. आणि सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता येईल इतकं लांब घमेलं किंवा पन्हाळ हवं. कोकरामागे ३० सेंटिमीटर जागा. चार कोकरं आणि एक गोल घमेलं असेल तर दांडगा चौघांचं खातो, हे तुम्ही पाहिलंच.

आणखी एक. मेंढीला धान्य दळून देऊ नका. ती स्वतः नीट चावते. अख्खा मका, ओट किंवा जव तिला चालतो आणि पीठ न केल्यामुळे पोटात आम्लही सावकाश तयार होतं. चक्कीचे पैसे वाचतात ते वेगळे.

मीठमिरची

डॉक्टरांशी पूर्ण सहमत, फक्त एक उलटा मुद्दा. दाणा हवाच कशाला? मी पाच-सहा वर्षं नुसत्या चांगल्या गवतावर आणि लसूणघासाच्या वाळलेल्या पेंढ्यांवर कोकरं काढतोय. वाढ सावकाश होते, दिवसाला ८०-१०० ग्रॅम, दोन महिने जास्त लागतात. पण अपचनाने मेलेलं कोकरू आजवर नाही.

मेख एवढीच की 'चांगलं गवत' म्हणजे काय ते कळायला हवं. फुलोऱ्याच्या आधी कापलेलं, पानं शिल्लक असलेलं, हिरवट, वास घेतला तर चहासारखा. पिवळं, दांडकी-दांडकी झालेलं गवत कोकराचं पोट भरतं, अंग भरत नाही. पोट सुटलेलं आणि पाठीवर हाडं लागणारं कोकरू दिसलं की समजा गवत निकृष्ट आहे. वाढत्या कोकराच्या खाण्यात १४ ते १६ टक्के प्रथिनं लागतात, वाळक्या काड्यांत त्याची निम्मीही नसतात.

कुंपणकाठी

मीठमिरची, मान्य. पण ते दोन जास्तीचे महिने म्हणजे दोन जास्तीचे महिने चारा. माझ्याकडे तेवढं गवत साठवायला जागाच नाही. शिवाय हिवाळा संपताना गवत मिळतही नाही. दाणा जागा कमी घेतो, म्हणून दाणा.

सातबारा_नाही

वजनं कशी करता? माझ्याकडे काटा नाही. कोकराला उचलून घरच्या काट्यावर उभं राहायचा प्रयोग केला, कंबर आठवडाभर धरली होती.

वाकडी_शिंगं

टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर, लोकर दाबून, सेंटिमीटरमध्ये. मग खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या मुळाजवळच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८४०. उत्तर किलोंत. उदाहरणार्थ घेर ७५ आणि लांबी ७० असेल तर ३६ किलोंच्या आसपास. एक-दोन किलो इकडे-तिकडे होतात, पण दर पंधरा दिवसांनी त्याच हाताने मोजलं तर वाढतंय की नाही ते पक्कं कळतं.

आणि टेपपेक्षा हात मोठा. कंबरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, मणक्यावर बोटं फिरवा. टोकदार लागलं तर रोडावलंय. टोकं गुळगुळीत, दाबल्यावरच लागतात, तर कापायला तयार. मणका सापडतच नाही तर तुम्ही आता चरबी पोसताय. लोकर असलेलं जनावर डोळ्यांना नेहमी गुबगुबीत दिसतं, म्हणून हात लावल्याशिवाय बोलू नये. मी एकदा हात न लावता बोललो होतो, कातरल्यावर आतून सांगाडा निघाला.

पायरीवर

माझा अनुभव गोठ्याचा, म्हणजे गोठ्यात केलेल्या मूर्खपणाचा.

पहिल्या हिवाळ्यात आम्हाला कोकरांची फार दया आली. थंडी वाजेल म्हणून चारी बाजूंनी प्लास्टिक, फटी बुजवल्या, खाली जाड बिछायत. आत गेलं की कसं उबदार वाटायचं! आणि डोळे चुरचुरायचे. तिसऱ्या आठवड्यात एक खोकायला लागलं, मग दुसरं, नाकातून शेंबूड, ताप. डॉक्टर आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, जरा आत या आणि कोकराच्या उंचीवर गुडघे टेकून बसा." बसले. अर्धा मिनिट बसवलं नाही. मुताचा अमोनिया खाली साचलेला, वर उभं राहिलं तर जाणवतही नाही. त्यात ती दिवसरात्र श्वास घेत होती. न्यूमोनिया आम्हीच विकत घेतला होता.

त्या दिवसापासून एक बाजू उघडी. वाऱ्याकडची पाठ बंद, समोरची उघडी, वर छप्पर. लोकर अंगावर असलेल्या धडधाकट कोकराला कोरडी थंडी फारशी बाधत नाही. पोटात गवत असलं की रवंथाचं पोट आतून शेगडीसारखं तापत राहतं. त्याला मारतं ते ओलं अंग आणि त्यावर वारा. म्हणून बिछायत कोरडी, छप्पर न गळणारं, आणि हवा खेळती. कोकरामागे एक चौरस मीटर जागा किमान.

पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही. हिवाळ्यात कोकरं पाणी कमी पितात असा समज आहे. थंडगार पाणी नको असतं त्यांना, तहान असतेच. वाळलेलं गवत खाणाऱ्याला दोन-तीन लिटर लागतंच. आम्ही सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी देतो. पाणी कमी प्यायलं की खाणंही कमी होतं आणि नरांना मूतखड्याचा त्रास होतो.

थर्मामीटर

ताईंनी मूतखड्याचं नाव काढलंच आहे तर लिहितो, कारण खच्ची नरांचा हिवाळ्यातला दुसरा मोठा शत्रू तोच. दाण्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. हे प्रमाण बिघडलं की मुतात बारीक खडे होतात आणि नराची मूत्रनळी अरुंद असल्याने अडकतात. फार लहानपणी खच्ची केलेल्यात ती आणखीच अरुंद राहते. कोकरू पाय ताणून उभं राहतं, कण्हतं, शेपूट हलवतं, थेंब थेंब गळतं किंवा काहीच नाही. मालकाला वाटतं बद्धकोष्ठ झालाय. तोवर मूत्राशय फुटायच्या बेतात असतं.

कॅल्शियम आणि फॉस्फरस दोनास एक ठेवा. लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्यात कॅल्शियम भरपूर असतं, थोडा तो द्या, किंवा दाण्यात चुनखडीची भुकटी. मीठ मोकळं ठेवा, म्हणजे पाणी जास्त पितील. दाणा जास्त देत असाल तर एकूण खुराकाच्या अर्धा टक्का अमोनियम क्लोराइड मिसळतात, पण ते तुमच्या डॉक्टरांना विचारून.

दुसरं, तांबं. हे मोठ्या अक्षरात वाचा. गायीचं, डुकराचं, कोंबडीचं किंवा घोड्याचं खाद्य किंवा खनिज मिश्रण मेंढीला देऊ नका. बाकी जनावरांना चालणारं तांबं मेंढीच्या काळजात, म्हणजे यकृतात, साठत जातं. कोरड्या खाद्यात किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या वर तांबं असेल तर धोका सुरू. आठवडे, महिने काही दिसत नाही. मग एखाद्या दिवशी प्रवास, थंडी, कुत्र्याने पाठलाग, असा कसलाही ताण बसतो आणि साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं. डोळे पिवळे, लघवी काळसर लाल, दोन दिवसांत जनावर जातं. शेळ्यांचं मिश्रणसुद्धा नको, शेळीला मेंढीपेक्षा जास्त तांबं लागतं.

पायरीवर

डॉक्टर, खाद्य विकणाऱ्या एकाने मला 'सगळं सारखंच असतं हो' म्हणून गायीच्या मिश्रणाचा पुडा दिला होता. पिशवीवरचं बारीक अक्षर नवऱ्याने वाचलं म्हणून वाचलो. चष्म्याचे पैसे त्या दिवशी वसूल झाले.

आळशी_उंट

जंताचं औषध दर महिन्याला द्यायचं ना?

थर्मामीटर

नाही! दर महिन्याला देऊन देऊनच जंत औषधाला दाद देईनासे झालेत. आणल्यावर पहिले तीन-चार आठवडे नवी कोकरं इतर जनावरांपासून वेगळी ठेवा, या काळात लेंड्या तपासून घ्या आणि अंडी जास्त असतील तरच औषध. वजनाप्रमाणे पूर्ण मात्रा, अंदाजे नाही. नंतर दर दोन आठवड्यांनी खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. लालबुंद चांगला, गुलाबी ठीक, पांढुरका झाला तर रक्त पिणारा जंत लागलाय. यासाठी एक ते पाच रंगांचा फामाचा तक्ता मिळतो. दक्षिण आफ्रिकेतले पशुवैद्य फाफा मालन यांच्या नावावरून ते नाव पडलं. पापणीचा रंग फक्त रक्त पिणाऱ्या जंताबद्दल सांगतो, हगवणीच्या जंतांबद्दल नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

गोठ्यात दाटीवाटीने ठेवलेल्या कोकरांना रक्ताळ किंवा काळपट हगवण लागली तर ती बहुधा रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिया. तिला जंताचं औषध काम करत नाही. आणि तोंडाभोवती खपल्या आल्या तर मावा. हातमोज्यांशिवाय हात लावू नका, माणसाच्या बोटांनाही होतो.

औषध कुठलंही असो, तारीख भिंतीवर लिहा. प्रत्येक औषधाच्या बाटलीवर मांसासाठी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. कापायची तारीख आधी ठरवली की हे दिवस मागे मोजता येतात. कुंपणकाठींचा मुद्दा इथेही लागू होतो.

मऊ_मन

धागा माहितीपूर्ण आहे, पण एक विचारू? चार-पाच महिने हाताने खाऊ घातलेलं जनावर कापवतं कसं? मुलांना काय सांगता? रागाने नाही विचारत.

कुंपणकाठी

रागाने नाही विचारलंत म्हणून रागाने उत्तर देत नाही. सोपं नाही जात. आम्ही नावं ठेवली नाहीत, नुसते बिल्ले: निळा, लाल, पांढरा, हिरवा. तरी मुलीने तिसऱ्या दिवशी पांढऱ्याला हाक मारायला सुरुवात केली आणि पांढरा यायला लागला. मग 'पांढरा' हेच नाव झालं. मुलांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की ही कशासाठी आहेत. मोठीने त्या रात्री जेवताना मटणाला हात लावला नाही, धाकट्याने दोनदा मागून घेतलं. दोघांनाही काही बोललो नाही.

वाकडी_शिंगं

अवांतर: मेंढी मठ्ठ असते हा समज डोक्यातून काढा. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्रहम संस्थेत कीथ केंड्रिक आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांना दुसऱ्या मेंढ्यांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवून प्रयोग केले, २००१ साली ते छापून आलं. पन्नास चेहरे त्यांना दोन वर्षांनंतरही ओळखता येत होते. मला लग्नाच्या पंगतीत पाच नावं आठवत नाहीत.

यातून मी एवढंच घेतलं की कापायच्या दिवशी अनोळखी माणसांचा गराडा नको. रोज दाणा घालणाऱ्यानेच शेवटपर्यंत सोबत असावं.

तिसरा_हात

वाकडी_शिंगं यांचा हा मुद्दा मटणाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. मी बरीच वर्षं हे काम करतोय, त्या बाजूने लिहितो.

कापायच्या आधी १२ ते २४ तास खाणं बंद, पाणी चालू. पोट रिकामं असलं की सोलताना, आतडी काढताना घाण होत नाही. पण आदल्या दिवशी पकडापकडी, पळापळ झाली तर सगळं मुसळ केरात. स्नायूंत साठवलेली साखर ताणात खर्च होते. जनावर मेल्यावर याच साखरेपासून आम्ल तयार होतं आणि मांसाचा पीएच सातवरून साडेपाचच्या आसपास उतरतो. साखरच नसली तर पीएच वरच राहतो आणि मटण काळपट, चिकट, लवकर खराब होणारं निघतं. असं मटण दिसलं की मी मालकाला विचारतो, काल कुत्रं मागे लागलं होतं का? बहुतेक वेळा उत्तर हो असतं. आदल्या संध्याकाळीच शांतपणे लहान जागेत कोंडा, जोडीने. लोकर धरून ओढू नका, ओढाल तिथे मांसात काळंनिळं उतरतं.

नंतरची घाई ही सगळ्यात मोठी चूक. लोक गरम मटण लगेच फ्रीझरमध्ये टाकतात आणि मग म्हणतात, घरचं कोकरू इतकं चिवट कसं? मेल्यानंतर स्नायू ताठर व्हायच्या आधीच त्याला १० अंशांच्या खाली नेलं तर ते आकसतं आणि मग कितीही शिजवा, रबर. न्यूझीलंडच्या लॉकर आणि हॅगयार्ड यांनी १९६३ साली हे गायीच्या स्नायूंवर दाखवून दिलं, आणि पुढे तिथल्या गोठवलेल्या कोकरांच्या चिवटपणाचं कोडंही त्यातूनच सुटलं. पहिले दहा-बारा तास सावकाश थंड होऊ द्या, मग ० ते ४ अंशांत चार-पाच दिवस अख्खं टांगा. टांगायची सोय नसेल तर मोठे तुकडे करून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवा आणि मगच गोठवा. हिवाळ्यात पाळायचा हा एक फायदा: बाहेरची हवा अर्धं काम करते, आणि माश्या नसतात.

काळीज आणि फुफ्फुसं बाहेर काढली की उजेडात उलटसुलट पाहा. पाण्याने भरलेल्या पांढरट गाठी दिसल्या तर ते हायडॅटिड, कुत्र्यातल्या पट्टकृमीचं पोरगं. त्या गाठी कच्च्या कुत्र्याला टाकल्या तर त्याच्या पोटात जंत वाढतो, त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात आणि ती माणसाच्या पोटात गेली तर तशाच गाठी माणसाच्या काळजात, फुफ्फुसात. कुत्रं कितीही आशेने बघत बसलं तरी कच्चं आतलं काही द्यायचं नाही. उकळून द्या किंवा खोल पुरा. कुत्र्याला प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध वेळेवर द्या.

आणि हो, जिथे राहता तिथे घरी कापायला परवानगी आहे का ते आधी विचारा. सगळीकडे नसते.

मीठमिरची

तिसरा_हात, दंडवत. गाठींबद्दल इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या कुत्र्याला आजवर आम्ही मोठ्या प्रेमाने तेच घालत आलो. उद्याच औषध.

सातबारा_नाही

फ्रीझरमध्ये किती दिवस टिकतं? ५१ किलो म्हणजे आमचं वर्ष निघेल.

कुंपणकाठी

उणे १८ अंशांत सहा ते नऊ महिने चव चांगली राहते. नंतर चरबीला खवट वास यायला लागतो, खायला धोका नसला तरी. म्हणून जाड चरबी गोठवायच्या आधीच काढतो आणि पिशवीतली हवा पूर्ण दाबून बाहेर. पिशवीवर तारीख आणि कुठला तुकडा ते लिहा. आमच्याकडे एक पिशवी 'बहुतेक मांडी' अशी आहे, ती उघडायचं धाडस अजून झालेलं नाही.

आळशी_उंट

तर यंदा किती?

कुंपणकाठी

तीन. तारीख ठरली, भिंतीवर लिहिली. तिथपासून मागे १२० दिवस मोजले. तिघांना रोज ८०० ग्रॅम गवत म्हणजे २८८ किलो, त्यावर पाचवा हिस्सा नासाडीचा धरून ३५० किलो. ते कालच आलं आणि वर रचलंय. लसीच्या दोन्ही तारखाही भिंतीवर. घमेलं फेकलं, लांब पन्हाळ केली. कोकरं अजून यायचीयत. रिकामा गोठा आणि भरलेला माळा, असं पहिल्यांदाच.

पायरीवर

गव्हाणीच्या फळ्यांत अंतर किती ठेवलंत? आमच्या एकाचं डोकं अडकलं होतं, करवतीने फळी कापावी लागली.

कुंपणकाठी

तीन बोटं. तोंड लावून ओढता येतं, डोकं जात नाही. आणि गव्हाण त्यांच्या डोक्याच्या वर नको, गवताचा भुसा डोळ्यांत आणि मानेच्या लोकरीत पडतो. छातीच्या उंचीला लावा. खालच्या बाजूला एक फळी आडवी ठोका, गळलेली पानं तिच्यात साठतात. आधी तीच चाटून पुसून खातात.